मोजक्यांची गाडी

भावाने पहिली परदेशी गाडी दारात आणून उभी केली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, पुढच्या महिन्यात गावात लग्नं कोणाकोणाकडे आहेत? गाडी किती पळते, किती पेट्रोल पिते, यातलं काही विचारलं नाही. आमच्या आगरी गावात नवी गाडी आली की हाच पहिला प्रश्न. गाडी घेणाऱ्याची, पण मान गावच्या नवरदेवाचा. बाबांचा टेम्पो होता तेव्हा तोही लग्नसराईत धुऊनपुसून, झेंडूच्या माळा लावून असाच जायचा. एरवी त्यात विटा आणि रेती. पण नवरदेव आत बसला की त्या टेम्पोचाही रुबाब वाढायचा. गाडी मागायला आलेल्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तसं म्हणावं असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

गाव म्हणते खरी, पण गाव आता नाही. विमानतळाच्या जागेत जी गावं गेली त्यांतलं आमचं एक. भाताची खाचरं, खाडीचा बांध, गावदेवीचं देऊळ, सगळं गेलं. बदल्यात पैसे मिळाले आणि उलव्याकडे प्लॉट मिळाले. मी लग्न होऊन कधीचीच पनवेल शहरात आलेली, कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. त्यामुळे घर पडताना मी तिथे नव्हते. पण माहेर पडलं ते पडलंच. भिंतीला भिंत लावून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली दोन घरं आता वेगवेगळ्या सेक्टरमध्ये, आणि मधे अर्धवट इमारती, क्रेन, धूळ. ज्या चुलतीकडून आई वाटीभर साखर मागून आणायची, तिच्याकडे जायला आता रिक्षा करावी लागते.

अशात भावाच्या गाडीने एक मोठं काम केलं. नवरदेवाला गाडीत बसवून घरोघर न्यायचं आणि प्रत्येक दारात बायकांनी त्याला ओवाळायचं, ही आमची जुनी रीत. गावात ते सोपं होतं. या टोकाला सुरू केलं की त्या टोकाला संपायचं. नव्या जागेत भावाने क्रम जुनाच ठेवला. आधी देवळाजवळचं घर, मग विहिरीवरचं, मग आमचं, मग बांधाकडच्या चुलत्यांचं. देऊळ नाही, विहीर नाही, बांध नाही, पण गाडी त्याच क्रमाने थांबायची. त्यासाठी या सेक्टरमधून त्या सेक्टरमध्ये, परत पहिल्यात, मग भलतीकडेच, असा द्राविडी प्राणायाम करावा लागायचा. भाऊ तसा आळशी माणूस, पाण्याच्या ग्लासासाठीही बायकोला हाक मारणारा. पण त्या दिवशी स्वतः चालवायचा. मागे बँजो, पुढे नाच, आणि हा पठ्ठ्या हूं की चूं न करता गोगलगायीसारखा निघालेला. म्हाताऱ्या बायका दारात ताट घेऊन उभ्या असायच्या. पूर्वीचा शेजार आता कुठल्या इमारतीत गेलाय हे त्यांना त्या एका दिवशी नीट कळायचं. मला तर वाटतं, त्या दिवसापुरतं गाव परत उभं राहायचं.

बाबा पुढच्या सीटवर बसायचे. गाव उठलं तेव्हा ते रडले नव्हते, भांडले नव्हते, मोर्चाला गेले तेही लोक गेले म्हणून. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही भावाकडे. त्याची मुलगी, म्हणजे बाबांची एकुलती नात, तिची हळद गावाने लावावी. गावच्या बायकांनी मांडवात बसून धवले म्हणावेत, जसे माझ्या आईच्या हळदीला म्हटले होते. धवले म्हणजे आमच्या लग्नातली गाणी. पूर्वी तर भटजी नसला तरी चालायचं, धवलारीण लागायचीच, ती गायली की लग्न लागलं. आता गावात धवले पुरते येणारी एकच बाई उरली होती, ती म्हणजे बांधाकडची आमची चुलती. "गाव नाय ऱ्हायला, तं निदान गावाची मानसा तरी दारात येवूदेत," बाबा म्हणाले होते. भावाने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. मी समोर होते.

मग ती मोजकी गाडी आमच्या आयुष्यात आली.

भाऊ सर्व्हिसिंगसाठी मुंबईच्या शोरूममध्ये जायचा. तिथे कॉफी देतात, हसून बोलतात, सर म्हणतात. ज्याने सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर प्रकल्पग्रस्त म्हणून तारुण्य घालवलं त्याला हे 'सर' फार गोड लागतं. तिथल्या सूटवाल्या तरुणाने त्याला सांगितलं की कंपनी एक खास मॉडेल काढते आहे, पण अगदी मोजक्या गाड्या. आपल्या देशात तर बोटांवर मोजण्याइतक्याच येणार. आणि नुसते पैसे आहेत म्हणून ती मिळत नाही, कंपनी माणूस बघून देते.

या शेवटच्या वाक्याने माझ्या भावाचं वाटोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी मी माहेरी जेवायला गेले तेव्हा त्याने आम्हाला सगळं समजावलं. करंजा बंदरावरून आणलेल्या ताज्या मासळीचं कालवण होतं आणि त्याचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. मी म्हटलं, एवढी गिऱ्हाइकं दारात उभी असतील तर चार गाड्या जास्त बनवायच्या. परीक्षा आल्या की मी नाही का फायली जास्त मागवत? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शहाणी माणसं दुकानदारांकडे पाहतात.

"ताई, सगळ्यांना मिळाली तर तिला विचारणार कोण? ते मुद्दाम कमी बनवतात. मागणाऱ्यांपेक्षा कमीच. काही लोक रिकाम्या हाताने परत गेले पाहिजेत, तरच नाव राहतं."

बाबा काटा काढत होते. ते म्हणाले, "भात कमी नि पंगतीला मानसा जास्ती, त्याला आमच्यात लाज बोलतात."

भाऊ हसला, मीही हसले. बाबा गंमत करत नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

मला भावाचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती. त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्या गाडीचा रंगही त्याला धड सांगता येत नव्हता. त्याला हवं होतं ते वेगळंच. जमीन घेताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. हजारो खातेदारांतला तो एक, सरसकट सगळ्यांबरोबर उठवलेला. आता आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खूप लोकांमधून त्याला निवडणार होतं. शाळेत मॉनिटर निवडताना पोरांची तोंडं होतात तसं त्याचं तोंड झालं होतं, पन्नाशीला आलेल्या माणसाचं.

काही महिन्यांनी तो सूटवाला घरी आला. कंपनीला ग्राहकाशी नातं जोडायचं असतं म्हणे. भावजयीने सकाळपासून घर घासून काढलं होतं. मला खास बोलावलं होतं, कारण घरात शुद्ध बोलणारी मी एकटी, असा त्यांचा समज. मुलगा मोठा सालस. बाबांच्या पाया पडला, अर्धा कप चहा प्यायला, मग म्हणाला, सरांची आताची गाडी बघू या का? भावाने मोठ्या ऐटीत मागचं दार उघडलं. आतली चामड्याची सीट मूळची सायीच्या रंगाची. तिच्यावर गावातल्या तमाम नवरदेवांची हळद. कितीही पुसली तरी हळद ती, निघते थोडीच. पाठीमागे काचेखाली नवरदेवांच्या आयांनी उमटवलेले पंजेही फिकट दिसत होते.

त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सर, ही गाडी भाड्याने देता का?"

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भाड्याने नाही, गावचे नवरदेव बसतात, असं तो म्हणाला, पण ते त्याने असं म्हटलं की जणू चोरी कबूल करतोय. मुलाने मोबाइल पुढे केला. आमचीच गाडी, झेंडूने मढलेली, पुढे नाच, दारांना लोंबकळलेली पोरं. कंपनी हे सगळं बघते, तो म्हणाला. यात सरांची चूक काहीच नाही, पण इतकी मोजकी गाडी ज्यांच्या हातात द्यायची त्यांच्याकडे ती कशी दिसेल, कुठे दिसेल, याचा विचार करावा लागतो. सरांनी साधारण वर्षभर गाडी फक्त स्वतःपुरती वापरली, तर तो नाव जोर लावून पुढे पाठवेल. त्याच्या बोलण्यात कुठे उर्मटपणा असता तर मी त्याला सुनावलं असतं. तसूभरही नव्हता.

तो गेल्यावर बाबांनी मला विचारलं, काय बोलला तो? मी सांगितलं.

"आपल्या गारीत आपली मानसा बसली, तं त्याच्या कंपनीचं काय गेलं?"

बाबा गाडीला गारीच म्हणतात. भाऊ तोवर सीट बदलणाऱ्याला फोन लावत होता.

नव्या सीट आल्या, रुपेरी कव्हर आलं. गाडी पार्किंगमध्ये झाकून उभी राहिली. त्यानंतर पहिलं लग्न आलं ते बांधाकडच्या चुलत्यांच्या थोरल्या मुलाचं. चुलते स्वतः अक्षता घेऊन आले. गाडी मागायला नाही, गाडी येणार हे गृहीतच, फक्त किती वाजता निघायचं ते सांगायला. भावाने सांगितलं, गाडी कामाला गेलीय, त्या दिवशी जमायचं नाही. चुलत्यांनी चपला त्या रुपेरी कव्हरच्या शेजारीच काढल्या होत्या. ते पाणी प्यायले, "बरां" म्हणाले आणि गेले. आमचे लोक बांधाच्या वितीवरून सात पिढ्या भांडतील. पण मानाची गोष्ट आली की भांडत नाहीत. नुसतं मागायचं थांबतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबा रिक्षाने माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसून राहिले. मी चहा मागवला तो तसाच गार झाला. मग त्यांनी सांगितलं की पनवेलहून भाड्याची गाडी आणली होती. ड्रायव्हर बिहारचा, भला माणूस, पण तो फोनमधल्या नकाशावर चालवत होता. जवळच्या रस्त्याने गेला. निम्मी घरं राहून गेली. देवळाजवळच्या घरची म्हातारी, जिच्यापासून नेहमी सुरुवात व्हायची, ती ताट घेऊन फाटकात उभी होती आणि गाडी तिच्या समोरून निघून गेली. तिला वाटलं, पुढे वळून येतील. ती बराच वेळ उभी होती, बाबा म्हणाले.

पुढच्या लग्नाला कोणी आमच्याकडे आलंच नाही. त्याच्या पुढच्या लग्नात घरोघर फिरणंच बंद झालं, घरून थेट हॉल. एकदा मोडली की रीत कोण कशाला जोडत बसतं? अक्षता घेऊन माणूस यायचा तिथे मोबाइलवर पत्रिकेचा फोटो यायला लागला. दोष सगळा माझ्या भावाचा असं मी म्हणणार नाही. सुतळी आधीच विरली होती, पण शेवटचा हिसका आमच्या घरून बसला.

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. त्याला नाही नाही ते बोलले. नाकापेक्षा मोती जड झालाय तुला, म्हटलं. तो शांतपणे ऐकत होता.

"एकच वर्ष, ताई. ती गाडी येऊ दे, मग गावातला प्रत्येक नवरदेव तिच्यातून नेतो. आपल्या पोरीच्या हळदीला सगळं गाव त्या गाडीभोवती नाचेल, बघ तू."

तो हे मनापासून म्हणत होता. त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येणार होत्या. जी गाडी गावच्या नवरदेवाला बसू न देण्याच्या अटीवरच मिळणार, तीच गावाला द्यायची, यात काही विसंगत आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आमच्याकडच्या माणसालाच अशी चूक करता येते.

वर्ष सरलं. सूटवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता. फार वाईट वाटतंय सर, पण गाड्याच इतक्या थोड्या की काही करता आलं नाही. सरांचं नाव त्यांच्या लक्षात आहे, पुढच्या वेळी नक्की विचार होईल. भावाने थँक्यू म्हटलं. दोनदा म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याने मला विचारलं, पुढच्या वेळी म्हणाला ना तो? मी म्हटलं, म्हणाला. नंतर कधीतरी ती गाडी ज्याला मिळाली त्याच्या घरचा फोटो त्याने मला दाखवला. संगमरवरी तळघरात अशाच दुसऱ्या गाड्यांच्या रांगेत उभी होती. तिथून ती बाहेर निघत नाही म्हणे.

दोन दिवस तो अंथरुणातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बादली घेऊन खाली उतरला, कव्हर काढलं, गाडी धुतली आणि मला फोन केला, ताई, चुलत्यांकडे चल. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बरं वाटलं मला. उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हटलं.

चुलतीने पोहे केले. चुलते भावाशी नेहमीसारखे बोलले, बाबांची तब्येत विचारली. मग भाऊ म्हणाला, काका, लग्नाला गाडी मी आणतो, मीच चालवतो, जुन्या क्रमाने सगळी घरं घेतो. चुलत्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हावदे बाला. तुजी गारी म्हागाची, पोरांचं हात लागतील. आमी भाड्याची ठरवली हाय."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर पाय धरता आले असते. चुलती आतून हसून म्हणाली, पोहे आणखी घे. तिच्याकडे लहानपणी आम्ही हक्काने डब्यात हात घालून खायचो, तिने कधी 'आणखी घे' म्हटल्याचं मला आठवत नाही. येताना भाऊ सरळ घरी आला नाही. देवळाजवळच्या घरापासून सुरुवात करून त्याने सगळी घरं क्रमाने घेतली, प्रत्येक फाटकापाशी गाडी हळू केली. कोणी बाहेर आलं नाही. कशाला येतील, कोणाला काय माहीत.

पुढच्याच हंगामात पोरीचं लग्न निघालं. भाऊ, भावजय आणि मी, तिघं घरोघर अक्षता घेऊन गेलो. एकही घर चुकवलं नाही. सगळे येतो म्हणाले, आणि सगळे आले. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण लोक म्हणतात गावाने पाठ फिरवली. तसं काही झालं नाही.

ज्या घरात हळद असायची तिथे गावच्या बायका दुपारपासूनच घुसायच्या. चुलीचा ताबा घ्यायच्या, घरच्या बाईला बाजूला ढकलायच्या, मीठ कमी म्हणून तिलाच ओरडायच्या, आणि हळद नवरीला कमी, एकमेकींना जास्त लागायची. या वेळी त्या पत्रिकेतल्या वेळेला आल्या. छान साड्या, हातात पाकिटं. हॉलमध्ये पिवळे पडदे लावले होते, स्पीकरवर हळदीची गाणी चालली होती. एकेक बाई पुढे यायची, बोटाच्या टोकाने पोरीच्या गालाला हळद टेकवायची, फोटो काढून घ्यायची, हात रुमालाला पुसायची. सोसायटीत शेजारणीच्या मुलीला लावतात तशी. मग विचारायची, जेवण कुठल्या बाजूला आहे? भावजय प्रत्येकीच्या मागे मागे फिरत होती, काकी बसा ना, आत्या बसा ना, आणि त्या म्हणत होत्या, बसलोय ना, तू नको धावपळ करूस.

पोरगी दाराकडे बघत होती. तिने मला हळूच विचारलं, "आत्या, अजून कोणी यायचंय का?"

मी म्हटलं, नाही गं, सगळे आलेत.

बाबा नवं धोतर नेसून मांडवाला लागून खुर्चीत बसले होते. जेवणं उरकत आली, बायका निघायच्या बेतात दिसल्या, तेव्हा त्यांनी चुलतीला हाक मारली. "बाय, येक धवला बोल. पोरीला हलद लागली, धवला नाय झाला." चुलतीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "दादा, गला बसलाय वो." त्याच आठवड्यात ती दुसऱ्या घरी गायली होती. मी मोबाइलवर ऐकलं होतं, बायकांनीही ऐकलं होतं. बाबांनी मान डोलावली.

आणि मग त्यांनी स्वतःच सुरू केलं. आमच्यात पुरुष धवले म्हणत नाहीत. मांडवात देवांना बोलवायची पहिली ओळ, कापऱ्या आवाजात, डोळे मिटून. कोणीतरी स्पीकर बंद केला. धवला एकटीने म्हणायचा नसतोच, एकीने ओळ टाकायची आणि मागच्या सगळ्याजणींनी ती उचलायची. बाबा पहिल्या ओळीच्या शेवटाला थांबले. बायका उचलतील म्हणून थांबले असतील, किंवा पुढचं आठवलं नसेल. त्यांनी डोळे उघडून बायकांकडे पाहिलं. भावजय दुसऱ्या गावची, तिला आमच्याकडचे धवले येत नाहीत. मीही ते कधी शिकले नाही. ज्यांना येत होते त्या दाराशी चपला शोधत होत्या.